झिरोसमोर पी-४० की वाइल्डकॅट?

भाच्याला विमानाच्या सिम्युलेटरवर १९४२ सालची लढाई खेळायचीय. समोर जपानी नौदलाचं लढाऊ विमान झिरो; आपलं विमान पी-४० घ्यावं की वाइल्डकॅट (दोन्ही अमेरिकी लढाऊ विमानं), ठरेना.

वळणावळणात झिरोच्या नादी लागू नये, हे दोन्हींना लागू. सूर मारण्यात पी-४० सरस. शेनॉल्ट या अमेरिकी अधिकाऱ्याच्या फ्लाइंग टायगर्सनी (पी-४० उडवणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांची तुकडी) ब्रह्मदेशात वरून झडप घालून निसटण्यावरच भागवलं (समोर बहुतेक जपानी लष्कराची विमानं होती, झिरो नव्हे). पण साडेचार हजार मीटरच्या वर पी-४०चं इंजिन दमतं.

वाइल्डकॅट संथ, चाकंसुद्धा हाताने हँडल फिरवून उचलायची! तरी उंचीवर दम टिकतो. जोडीदार असेल तर थॅच वीव्ह: दोघांनी एकमेकांकडे वळत राहायचं, पाठीमागचा झिरो आपसूक दुसऱ्याच्या मशीनगनसमोर येतो. १९४२ च्या मिडवेच्या नौदल लढाईत हे जमलं.

एकट्याने, खालच्या उंचीवर खेळणार असेल तर पी-४०. मित्र सोबत असेल तर वाइल्डकॅट.