नाण्याच्या साच्यातला फरक शोधायला दहापट भिंग की यूएसबी मायक्रोस्कोप?

नुसता मिंट मार्क, म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीचं ते सांगणारी खूण, बघायचा असेल तर खर्च कसलाच करू नका. सालाखालचा मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका चांगल्या उजेडात साध्या डोळ्यांनी दिसतो. खाली काहीच नसेल तर नाणं कोलकात्याचं. खरी गोची होते ती एकाच टांकसाळीच्या, एकाच सालाच्या दोन नाण्यांचा साचा वेगळा आहे का हे ठरवताना.

खानापूर-बेळगाव बसच्या सुट्ट्या पैशांतूनच माझा संग्रह वाढला. आधी मायक्रोस्कोप घेतला. चित्र मोठं, फोटो लगेच निघतो, निपाणीच्या मित्राला पाठवता येतो. चष्म्याचा नंबर जास्त असलेल्यांना तर तो सोयीचाच.

पण त्याच्या तोंडाभोवती दिव्यांचं कडं असतं. अंगठा वर केलेल्या हाताची मुद्रा असलेल्या स्टीलच्या रुपयावर तो उजेड चारी बाजूंनी पडतो आणि सावलीच उरत नाही. उंच काय, खोल काय, कळत नाही; आणि सगळा निवाडा तर त्यावरच असतो. साच्याला तडा गेला की नाण्यावर उठावाची रेघ येते, ओरखडा मात्र खोल जातो. साचाच दुहेरी असेल, म्हणजे साच्यावरच आकडा दोनदा उमटला असेल, तर दुसरा आकडाही गोलसर उठावाचा असतो, टोकाला दुभंगलेला. ठोकताना साचा हलला असेल तर कडेला चपटी पायरी पडते आणि मूळ आकडा तेवढा बारीक होतो. संग्राहक शोधतात तो दुहेरी साचा. हललेल्या साच्याची पायरी चिल्लरीत सारखी सापडते.

२००८ चा एक रुपया मी आठ दिवस दुहेरी साच्याचा म्हणून जपून ठेवला होता. शहापुरात ओळखीच्या सोनारकाकांचं भिंग डोळ्याला लावलं, दाराच्या उजेडात नाणं जरा तिरकं केलं आणि ८ च्या कडेची पायरी लख्ख चमकली. सपाट पायरी. त्याच आठवड्यात मी भिंग घेतलं.

भिंगाचाही त्रास आहे. नाणं काचेपासून जेमतेम अडीच सेंटीमीटरवर धरावं लागतं, पन्नासेक नाणी झाली की मान अवघडते. तरी माझं मत विचाराल तर आधी तेच घ्या, तीन काचांचं. ‘तीसपट’ छापलेली स्वस्त भिंगं मी दोन वापरून पाहिली. दोन्हींत कडेचे आकडे वाकडे दिसायचे.

मायक्रोस्कोपच हवा असेल तर त्याचे दिवे पूर्ण बंद होतात का, ते विचारून घ्या. माझा मी आता तसाच वापरतो, टेबललॅम्प बाजूने आडवा लावून, आणि तोही फक्त फोटोपुरता.