एफसी-150 मध्ये इसुझू पेट्रोल इंजिन: आठ महिने, 212 तास

आधीच सांगतो, हे इंजिन मी ताकदीसाठी निवडलं नाही. खोक्यात बसलं म्हणून निवडलं.

ज्यांनी महिंद्राची एफसी-150 चालवली आहे त्यांना खोका म्हणजे काय ते सांगायला नको. या पिकअपला पुढे बॉनेट नाही. इंजिन केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. त्याची उष्णता, वास, थरथर सगळं तुमच्या मांडीशी. बाबांनी 1978 मध्ये एका दूधवाल्याकडून घेतलेली ही गाडी महूजवळच्या आमच्या शेतावर आहे. मूळ हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. आमच्या ब्लॉकला त्या एग्झॉस्टच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत तडा गेला, पाणी ऑइलमध्ये उतरलं आणि गाडी दोन वर्षं गोठ्याशेजारी उभी राहिली.

इंदूरला राहून दुसऱ्या कंपनीचं इंजिन शोधायचं म्हणजे नजर आधी पिठमपूरकडे जाते. बजाज टेम्पोचा, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सचा, कारखाना तिथे, आणि हिंदुस्थान मोटर्सचा इसुझू इंजिनांचा कारखानाही तिथलाच होता. म्हणून देवास नाक्याच्या भंगारवाल्यांकडे दोन्ही घराण्यांची इंजिनं निघतात. माझ्यापुढे तीन नावं होती: टेम्पोचं ओएम616 डिझेल, म्हणजे मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं 2.4 लिटरचं, इसुझूचं 1995 सीसी डिझेल, आणि काँटेसा व अँबेसेडर 1800 मध्ये येणारं इसुझूचं 1817 सीसी पेट्रोल.

मिस्त्रींचा कौल पहिल्याला. "भिया, टेम्पो का डाल दो, जिंदगीभर का काम।" सुट्या भागांच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर होते, पुढे येईलच ते. पण एफसी रिकामी असताना आधीच नाकावर जड असते. ब्रेक दाबला की मागची चाकं हलकी होतात. त्यात जड डिझेल पुढे ठेवायचं आणि त्याची थरथर कोपराशी घेऊन बसायचं, हे मला पटेना. बाबा आता 76 वर्षांचे आहेत आणि गाडी अजून तेच चालवतात. पेट्रोल ठरलं.

आता गंमत बघा. कागदावर हरिकेन 75 अश्वशक्तीचं आणि अँबेसेडरमधलं इसुझूही 75 चं. म्हणजे फरक शून्य? पहिल्याच दिवशी शेणखताची ट्रॉली ओढताना गाडी तीनदा बंद पडली. हरिकेनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 111 मिलिमीटर, बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, जेमतेम 79. इसुझूचा स्ट्रोक 82, बोअर 84. जुनं इंजिन लांब पावलं टाकत, हळू फिरत, खालूनच ओढायचं. नवं आधी फिरतं, मग ओढतं. बाबा पन्नास वर्षांच्या सवयीने क्लच सोडायचे आणि इंजिन मान टाकायचं. "यात जीव नाही रे," असं ते महिनाभर म्हणत होते.

जीव होता, गिअरमध्ये होता. मी जीपचा तीन गिअरचा गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, त्यात हळू चालीचा 'लो' असतो) तसेच ठेवले होते. मागच्या आसातली गिअरची जोडी, क्राउन-पिनियन, 43 आणि 8 दातांची, म्हणजे 5.38. ट्रान्स्फर केसचा लो 2.46, पहिला गिअर 2.8. तिन्हींचा गुणाकार जवळपास 37 होतो, म्हणजे इंजिनाच्या 37 फेऱ्यांना चाकाची एक. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर नुसतं गुणगुणत असताना गाडी ताशी तीन किलोमीटरने चालते, बटाटे वेचणाऱ्या बायकांच्या पावलाने. फेब्रुवारीत काढणीच्या वेळी आम्ही अख्खा दिवस गाडी लोमध्ये ठेवली. पोती भरत जायची, गाडी सरकत जायची, क्लचला पाय लावायची गरज नाही. त्या दिवसापासून बाबांची तक्रार बंद. अँबेसेडरचा पाच गिअरचा बॉक्स टाकला असता तर हे सुख गेलं असतं, कारण जीपची ट्रान्स्फर केस त्याला सरळ लागत नाही.

पण जुना बॉक्स ठेवण्याची किंमत ॲडॉप्टर प्लेटने वसूल केली. इंजिनाच्या पाठीला आणि गिअरबॉक्सच्या तोंडाला जोडणारी ही जाड प्लेट. पहिली प्लेट ज्या लेथवर करून घेतली तिथे केंद्र जुळवताना डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावलाच नाही, नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने भोकं पाडली. 15 तासांत बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगने रडायला सुरुवात केली आणि दुसरा गिअर आपोआप सुटायला लागला. सगळं उतरवलं, दुसरी प्लेट दुसरीकडे, या वेळी मी स्वतः समोर बसून. शाफ्टचं टोक ज्यात फिरतं तो स्पिगॉट बुशही नवा, कारण जीपच्या शाफ्टचं टोक इसुझूच्या क्रँकमध्ये ढिलं बसतं. क्लच प्लेट मात्र सोपी निघाली: बाहेरची काँटेसाची, मधला 10 खाचांचा हब जीपचा, रिव्हेट मारून जोडला. 190 तास झाले, अजून कुरकुर नाही.

उष्णता हा स्वतंत्र विषय आहे. एप्रिलमध्ये दुपारी बाराच्या पुढे झाकणावर हात ठेवता येत नव्हता. झाकणाला आतून ग्लासवूल आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा मारला, एग्झॉस्टच्या पाइपला पट्टी गुंडाळली, रेडिएटरला एक विजेचा पंखा जोडला. आता हात ठेवता येतो, चहाचा कपही. आईचं म्हणणं, हिवाळ्यात पत्रा काढून टाका, पाय शेकायला बरं.

पेट्रोल तासाला साधारण साडेतीन लिटर पितं, लोमध्ये भरलेलं असेल तर चारच्या वर. डिझेल यात नक्कीच स्वस्त पडलं असतं. शिवाय पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुने रबरी पाइप चार महिन्यांत फुगून मऊ झाले, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम गेला. पाइप सगळे बदलले. गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो, नाहीतर पावसाळी हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

खरी डोकेदुखी सुट्या भागांची. काँटेसा 2002 मध्ये बंद झाली, अँबेसेडर 2014 मध्ये. वॉटर पंपाचं सील शोधायला मला तीन आठवडे लागले. ट्रान्सपोर्ट नगर झालं, सियागंज झालं, शेवटी कोलकात्याहून मागवलं. टेम्पोचं असतं तर संध्याकाळपर्यंत हातात आलं असतं. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसते हसले.

कागदपत्रांबद्दल स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेपासून गाडी अशी बदलता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. म्हणून आमची एफसी कुंपणाबाहेर जात नाही. मंडीत बटाटा भाड्याच्या गाडीने जातो. गाडी पन्नास वर्षांपुढची आहे, 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून कदाचित नोंदता येईल, पण तिथेही इंजिन मूळचं हवं. यासाठीच मी चेसिसवर एकही कट मारला नाही. माउंटिंग सगळे बोल्टवर आहेत. हरिकेन ताडपत्रीखाली आहे. तडा गेलेला ब्लॉक वेल्डिंगशिवाय धातूच्या टाक्यांनी शिवता येतो, तसं काम करणाऱ्याशी बोलणं चालू आहे.

एकूण खर्च 96 हजार, त्यात पहिली वाया गेलेली प्लेटही धरली आहे. मार्चमध्ये आणखी एक जुनं 1800 चं इंजिन भंगाराच्या भावात मिळालं, ते फक्त सुट्या भागांसाठी घेतलं. परवा बाबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि विचारलं, "हे कुठल्या गाडीत टाकणार आहेस?"