नंबर खरा, कार्ड खोटं

जुनी बेसबॉल कार्डं घेताना स्लॅबवरचा (कार्ड ज्या बंद प्लास्टिकच्या डबीत असतं तिच्यावरचा) नंबर कार्ड तपासणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर तपासून घ्या, हा सल्ला अमेरिकेत तुम्हाला कुणीही देईल. मी तपासला होता. नंबर खरा निघाला, खेळाडू, वर्ष, ग्रेड सगळं जुळलं, आणि तरी माझे अडीच हजारांच्या वर डॉलर बुडाले. कोविडपासून इथल्या आपल्या बऱ्याच घरांत मुलं या नादाला लागली आहेत, आणि खरं सांगायचं तर मुलांपेक्षा बाबा लोकच जास्त. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: बिग फनच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची ना, तसाच हा प्रकार. इथे तो शंभर वर्षांहून जुना आहे. आधी सिगरेटच्या पाकिटात कार्डं यायची, मग बबलगमबरोबर यायला लागली. टॉप्स कंपनीची १९५२ ची न खपलेली कार्डं १९६० मध्ये खोक्यांसकट समुद्रात बुडवली गेली. त्याच वर्षीच्या मालिकेतलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. असे आकडे कानावर पडायला लागले की भामटे आलेच.

मँटल मला परवडणारा नव्हता आणि हवाही नव्हता. पिट्सबर्गला राहणाऱ्याला हवा असतो रोबेर्तो क्लेमेंटे. पोर्तो रिकोहून आलेला, अठरा हंगाम इथल्या पायरेट्स संघाकडून खेळलेला, कारकिर्दीत बरोबर ३००० हिट्स. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान ३१ डिसेंबर १९७२ ला समुद्रात कोसळलं. इथे मैदानाकडे जाणाऱ्या पुलाला त्याचं नाव आहे. १९५७ ते १९६९ टॉप्सवाले त्याच्या कार्डावर ‘बॉब’ छापत राहिले (आपल्या ऑफिसात आपल्या नावांचं जे होतं तेच). १९५५ च्या त्याच्या पहिल्या कार्डावर मात्र रोबेर्तो आहे. क्रमांक १६४, आडवं कार्ड, खाली छापील सही. मला तेच हवं होतं.

हे कार्ड सुटं घेण्यात धोका आहे हे मला ठाऊक होतं. कडा कापून नीट केलेली, कोपऱ्यांना रंग लावलेली, पाण्यात भिजवून डाग काढलेली कार्डं बाजारात रग्गड आहेत. म्हणून लोक ग्रेडिंग कंपनीने तपासलेलं कार्ड घेतात. कंपनी कार्डाला १ ते १० मधला ग्रेड देते आणि ते कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करते. वर लेबल, लेबलवर नंबर. ही डबी म्हणजे स्लॅब. मी ४ ग्रेडचं शोधत होतो. दोन-तीन कोपरे गोल झालेले, पण चित्र स्वच्छ, असं.

विकणारा माणूस जुन्या कार्डांच्या एका ग्रुपात भेटला. मागितलेली किंमत बाजारभावापेक्षा थोडीशीच कमी होती. फार स्वस्त असतं तर मीच बिचकलो असतो, आणि ते त्यालाही माहीत असणार. आजोबांनी फोर्ब्स फील्डवर (पायरेट्सचं जुनं मैदान) क्लेमेंटेला खेळताना पाहिलं होतं, आता आजीच्या औषधपाण्यासाठी विकतोय, वगैरे. ही गोष्ट खरी की खोटी याची मी फारशी पर्वा केली नाही, कारण माणसापेक्षा वस्तू तपासायची असा माझा खाक्या. मी चिठ्ठीवर तारीख आणि माझं नाव लिहून स्लॅबशेजारी ठेवलेला फोटो मागितला. दहा मिनिटांत आला. हिरव्या कापडावर स्लॅब, शेजारी चिठ्ठी. वर तो स्वतःच म्हणाला, “आधी नंबर तपासून घ्या, मगच पैसे पाठवा.”

पैसे मात्र त्याला ‘मित्र-नातेवाईक’ या पर्यायाने हवे होते. खरेदीच्या पर्यायात त्याचं कमिशन कापलं जातं आणि तेवढं तो मला किमतीत सोडणार होता. या ग्रुपांमध्ये हे सर्रास चालतं. कुणी नाक मुरडत नाही. पण त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं, कारण कागदोपत्री तुम्ही काही विकत घेतलेलंच नसतं. तुम्ही मित्राला पैसे दिलेत.

पार्सल वेळेवर आलं. छान गुंडाळलेलं, आत एक धन्यवादाची चिठ्ठीसुद्धा.

लबाडी उघडी पडली ती एका कार्ड-शोमध्ये. तिथे पन्नासच्या दशकातलाच माल ठेवणारा एक म्हातारा डीलर आहे. त्याला मी कौतुकाने स्लॅब दाखवला. त्याने आधी कार्डाकडे पाहिलंच नाही, डबीच्या कडेवरून नख फिरवलं. खऱ्या डबीचे दोन भाग वितळवून जोडलेले असतात, सांधा एकसारखा लागतो. माझ्या डबीच्या एका बाजूला डिंक वाळावा तसा पांढुरका पट्टा होता. मग त्याने भिंग काढलं आणि मला म्हणाला, सही बघ.

हे नीट वाचा, कारण घरी दहापट भिंगाने कुणालाही करता येतं. त्या काळच्या कार्डावरचं रंगीत चित्र ठिपक्यांचंच असतं, त्यामुळे चित्रात ठिपके दिसले म्हणून काही सिद्ध होत नाही. पण छापील सही काळ्या शाईने वेगळी उमटवलेली असते. भिंगाखाली ती रेघ सलग, भरीव काळी दिसते. माझ्या कार्डावर क्लेमेंटेच्या सहीची रेघ निळ्या, लाल, पिवळ्या ठिपक्यांची बनलेली होती आणि तिच्या कडा विसविशीत होत्या. म्हणजे कुणीतरी खऱ्या कार्डाचा स्कॅन घेऊन छापून काढलं होतं. कोपरे सँडपेपरने की कशाने घासून गोल केले होते, तेही जरा जास्तच एकसारखे.

मग नंबर खरा कसा? याचं उत्तर इतकं साधं आहे की राग येतो. खरा स्लॅब दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटात सुखरूप आहे. लिलावाच्या यादीतल्या फोटोत त्याचं लेबल स्पष्ट वाचता येतं. भामटा तो नंबर उचलतो, तसंच लेबल छापतो, नकली डबीत नकली कार्ड घालतो. वेबसाइट सांगते की या नंबराचं कार्ड अस्तित्वात आहे. ते तुमच्या हातात आहे असं ती म्हणतच नाही. शिवाय ही मंडळी बरेचदा जुने नंबर निवडतात, ज्यांचा फोटो कंपनीच्या नोंदीत नसतो. अलीकडे ग्रेड झालेल्या बऱ्याच कार्डांचे फोटो नोंदीत असतात, तिथे लबाडी लगेच पकडली जाते.

डीलरने मोबाइलवर तो नंबर जुन्या लिलावांत शोधला आणि खऱ्या कार्डाचा फोटो निघाला. त्यात डावी पांढरी चौकट उजवीपेक्षा ठळक रुंद होती. माझ्या कार्डात दोन्ही जवळपास सारख्या. तेव्हा नंबर जुळला म्हणून थांबू नका. तो नंबर घालून जुन्या विक्रीचे फोटो शोधा आणि चौकटीची रुंदी, कोपऱ्यांची झीज, छपाईतले बारीक डाग एकेक करून ताडून बघा. फोटो कुठेच नसेल आणि कार्ड महाग असेल, तर मी तरी आता ते घेणार नाही.

आणि स्लॅब असली निघाला तरी आतल्या कार्डाबद्दल डोळे मिटून बसू नये, हे या छंदाच्या इतिहासातच लिहिलंय. सिगरेटच्या पाकिटातलं, होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं सगळ्यात नावाजलेलं कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने ४,५१,००० डॉलरला घेतलं होतं. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ग्रेड केलेलं ते पहिलंच कार्ड, ग्रेड ८. पुढे २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या बड्या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या.

माझ्या बाबतीत त्या माणसाने उत्तर देणं बंद केलं, मग खातंच गायब. पैसे पाठवणाऱ्या अ‍ॅपने हात वर केले. पण पार्सल अमेरिकन पोस्टाने आलं होतं, म्हणून पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे (पोस्टाची तपास शाखा) तक्रार करता आली. टपालातून फसवणूक हा फेडरल गुन्हा आहे. एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेटवरच्या गुन्ह्यांसाठीच्या पोर्टलवरही नोंदवली. पाकीट, लेबल, गप्पांचे स्क्रीनशॉट काही टाकू नका आणि नकली कार्ड चिडून फाडूही नका, तोच पुरावा आहे. खाजगी कुरिअरनेच पाठवतो असा कुणी हट्ट धरला, तर त्यामागे कधी कधी पोस्टाला टाळणं हेही कारण असतं.

ग्रुपात मी हे लिहिल्यावर दोघांनी इनबॉक्समध्ये सहानुभूती दाखवली आणि ‘पैसे परत मिळवून देणाऱ्या’ तज्ज्ञाचं नाव सुचवलं, आगाऊ फी भरून. हा त्याच धंद्याचा दुसरा गल्ला. फसलेल्यांची यादी त्यांना आयती मिळते. एकालाही उत्तर देऊ नका.

हल्लीच त्याच ग्रुपात १९५५ चं सँडी कूफॅक्स या बेसबॉलपटूचं कार्ड विक्रीला आलं. विकणाऱ्याचं नाव वेगळं, कापड तेच हिरवं, आणि या वेळी आजोबांनी ब्रुकलिनमध्ये सामने पाहिले होते. ग्रुप चालवणाऱ्यांना दोन्ही फोटो पाठवले, तासाभरात पोस्ट काढली. तोवर खाली तिघांनी किंमत विचारली होती, आणि त्यातल्या एकाला उत्तर आलं होतं: आधी नंबर तपासून घ्या.