डकोटाचं १:७२ किट: पेटीवर लष्करी, पण प्रवासीही करता येतं

डकोटा या जुन्या दोन इंजिनांच्या विमानाचं हे जोडून करायचं मॉडेल, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं. सांगलीत हे किट दुकानात क्वचितच दिसतं, ऑनलाइनच मागवावं लागतं. पेटी आल्याआल्या पारदर्शक भागांची पिशवी उजेडात धरून बघा. ओरखडे पडतात ते तिथेच. पंख जोडल्यावर विमान ४० सें.मी. रुंद होतं, तेव्हा शोकेसचा कप्पा आधीच मोजून ठेवा.

पेटीवर १९४४ च्या, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या चढाईतलं सी-४७, म्हणजे डकोटाचं लष्करी रूप आहे. आपल्याकडे डकोटा म्हटलं की २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला उतरवलेलं सैन्य आठवतं, नाहीतर इंडियन एअरलाइन्स. १९५३ साली या कंपनीच्या ताफ्यात ७४ डकोटा होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा युद्धातून उरलेल्या. त्यामुळे प्रवासी विमान करायचं म्हणून डाव्या बाजूचं मालाचं रुंद दार पुट्टीने बुजवायची घाई नको. खऱ्या कित्येक विमानांना ते तसंच होतं. आतले भिंतीलगतचे बाक मात्र काढा. २१ खुर्च्या म्हणजे ७ रांगा, एकीकडे दोन, दुसरीकडे एक. बाहेरून दिसतात फक्त खिडकीजवळच्या, तेवढ्याच करा. शेपटीचं टोक किटमध्ये आखूड आहे, कारण सी-४७ ला तिथे ग्लायडर ओढायचा हूक असे. मूळ प्रवासी डीसी-३ चं टोक निमुळतं. जे विमान करायचं त्याचा फोटो बघूनच ठरवा.

खिडक्या आतून बसतात, म्हणजे धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी. सुपरग्लूच्या वाफेने काच पांढुरकी होते; फेविकॉल वापरा. धडाच्या पाठीवरचा सांधा ही या किटची खरी डोकेदुखी. चंदेरी रंगाखाली केसाएवढी रेघही दिसते, म्हणून ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर चकचकीत काळा बेस, मगच चंदेरी. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर (थिनर घालून मारायचा, झटपट वाळणारा रंग) मारूच नका: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगावर पांढरट धुकं धरतं.

नॉर्मंडीचंच विमान करायचं असेल तर त्यावरचे काळे-पांढरे ओळखीचे पट्टे डीकलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांनी) न लावता मास्किंग टेप लावून रंगवा. तीन पांढरे, दोन काळे, प्रत्येकी साडेआठ मि.मी.; खऱ्या विमानावर ते दोन फुटी होते.

उडत्या स्थितीत ठेवणार असाल तर चाकं पूर्ण आत ढकलू नका. डकोटाची चाकं आत घेतल्यावरही निम्मी बाहेरच दिसतात. भारतीय डीकल पेटीत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात.