साडेतीन टक्के कागदावर, हातात किती? (बडोद्यातल्या भाडे-व्यवस्थापन सेवेबद्दल)

समा भागात आमचा पहिल्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि आम्ही राहतो दांडिया बाजारात. रात्री दहाला भाडूत फोन करून "नळ गळतोय" म्हणणार आणि ह्यांनी स्कूटर काढायची, हे आता झेपत नाही. म्हणून फ्लॅट एका भाडे-व्यवस्थापनवाल्यांकडे दिला. भाडूत शोधणं, करार, पोलिसांत नोंद, दुरुस्त्या, भाडं खात्यात टाकणं, सगळं त्यांच्याकडे. मोबदला वर्षाला एका महिन्याचं भाडं.

त्यांच्या ऑफिसातला मुलगा कॅल्क्युलेटर पुढे सरकवतो. फ्लॅट 42 लाखांचा, भाडं 12,500, वर्षाचे दीड लाख. "साडा त्रण टका तो पाकुं, बेन." म्हणजे साडेतीन टक्के तर नक्की, ताई. माझी वही तसं म्हणत नाही. एका महिन्याचं भाडं ह्या ऑफिसवाल्यांनाच गेलं. एक भाडूत गेला की दुसरा येईपर्यंत महिनाभर कुलूप, म्हणजे आणखी 12,500. सोसायटीचा मेंटेनन्स दीड हजार, तो आमच्याकडे मालकच भरतो, वर्षाचे 18,000. महापालिकेचा वेरा, म्हणजे घरपट्टी, साडेचार हजार. रंग, गीझर, दाराचं लॅच धरून 15,000. उरले 87,500. दोन टक्क्यांच्या जेमतेम वर! एफडीत ह्याच्या तिपटीच्या आसपास मिळतं. फ्लॅटची किंमत वाढते ती वेगळी, पण ती विकल्याशिवाय भाजी आणायला उपयोगी पडत नाही.

टॅक्सात थोडा दिलासा आहे. आलेल्या भाड्यातून आपण भरलेला वेरा वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट 30 टक्के सूट मिळते. दुरुस्ती, दलाली, मेंटेनन्स सगळं त्या तिसातच आलं, वेगळं दाखवता येत नाही. हे मला आमच्या सीएनं सांगितलं. ऑफिसातला मुलगा ह्यावर गप्प होता.

आता कामाचं. भाडूत घर सोडतो तो दिवस ही मंडळी फार चोख सांभाळतात. आमच्याकडे लाईटबिल दोन महिन्यांनी येतं. भाडूत मधेच गेला की पुढचं बिल मालकाच्या बोकांडी. ऑफिसचा माणूस किल्ल्या घ्यायला आला तेव्हा आधी मीटरपाशी गेला, आकड्याचा फोटो काढला, मग गॅसच्या मीटरचा. प्रत्येक नळ पूर्ण सोडून बंद केला, बाथरूमच्या टाइल्सवर किल्लीनं टकटक करून पोकळ कुठे वाजतंय ते बघितलं, बाल्कनीच्या दाराची कडी दोनदा लावून काढली. सगळं एका कागदावर, खाली भाडोत्र्याची सही, आणि लाईट-गॅसचे पैसे डिपॉझिटमधून तिथल्या तिथे वळते. आमच्या ह्यांच्यानं हे कधीच झालं नसतं. चहा पाजून, डिपॉझिट परत देऊन मोकळे झाले असते.

ऑगस्ट 2024 च्या पुरातही माणसं कामाला आली. विश्वामित्री नदीचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, पंपाची मोटर गेली. आम्ही घराबाहेर पडू शकत नव्हतो, तर ऑफिसच्या माणसानं पाणी ओसरताच व्हिडिओ पाठवला, टाकी साफ करून घेतली. मोटरची वर्गणी अर्थात मालकांच्याच खिशातून गेली. कॅल्क्युलेटरवर असली वर्गणी कुठे दिसते?

तक्रार दोन गोष्टींची. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो, म्हणून सगळे अकरा महिन्यांचा करतात. अकरा महिने झाले, भाडूत तोच, भाडं पाच टक्के वाढवलं, जुन्याच मसुद्यात तारीख बदलली आणि "रिन्यूअल चार्ज" म्हणून अर्ध्या महिन्याचं भाडं मागितलं. कशाचं? प्रिंट काढल्याचं? दुसरं, प्लंबरची बिलं. कॉक बदलला म्हणे नऊशेचा, आणि जुना कॉक कुठेय विचारलं तर टाकून दिला. त्यावर जरा आवाज चढवला, तेव्हापासून जुना पार्ट समोर ठेवून फोटो पाठवतात आणि बिलंही आपोआप उतरली आहेत.

पुण्यात किंवा परदेशात राहून बडोद्यातला फ्लॅट भाड्यानं देणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावी अशी सेवा आहे. फ्लॅट तुम्ही राहता त्याच सोसायटीत असेल आणि प्लंबर ओळखीचा असेल, तर बारा-साडेबारा हजार वाचवा. घेतलीच तर सही करण्याआधी रिन्यूअलचं कलम खोडायला सांगा. मी आधी मागितलं तेव्हा नाही म्हणाले, फ्लॅट काढून घेते म्हटल्यावर पाचशे रुपयांवर आले.