बारा डायनासोर, त्यातले आठच खरे

बडोद्याच्या मंगळबाजारातल्या एका खेळण्यांच्या दुकानातून नातवासाठी प्लास्टिकच्या डायनासोरांचं खोकं आणलं. बारा नग, ४५० रुपये. मी चारशेवर अडलो होतो, पण त्याने खोकं छातीशी कवटाळलं. मग कसली घासाघीस!

माल मजबूत आहे. कडा बोचत नाहीत, रंगही जात नाही. रोज आंघोळीच्या बादलीत पडूनसुद्धा. स्टेगोसॉरस तर झकासच. पाठीवर उभे पत्रे, शेपटीला काटे मोजून चार. बनवणाऱ्याने इथे नीट अभ्यास केलाय.

बाकीच्यांत केला असता तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरी आल्यावर खोकं तपासायला बसलोच. चार प्राणी डायनासोर नाहीत. मॅमथ बघा, चक्क लोकरीचा हत्ती! डायनासोर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि शेवटचे मॅमथ आर्क्टिकमधल्या रँगल बेटावर जेमतेम ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत चरत होते. उडणारा टेरोसॉर डायनासोरांचा चुलत भाऊ. त्याचा पंख एका लांबलचक बोटावर ताणलेला असतो. प्लेसिओसॉर पाण्यातला सरीसृप. 'पाण्यातला डायनासोर' म्हणणं म्हणजे कमाटीबागेतल्या म्युझियममधल्या देवमाशाला मासा म्हणण्यासारखं.

चौथा डिमेट्रोडॉन, पाठीवर शीड असलेला. हा तर सर्वांत फसवा. पहिले डायनासोर यायच्या चांगली चार-पाच कोटी वर्षं आधीचा. कवटीत डोळ्यामागे एकच भोक, म्हणजे हा सस्तन प्राण्यांच्या घराण्यातला. डायनासोरांपेक्षा आपल्याला जवळचा. नातवाला म्हटलं, "हा तुझा लांबचा काका." त्या दिवसापासून तो त्याला पोळीचा तुकडा भरवतो.

दुकानदाराला हे सांगायला गेलो, तर म्हणाला, "काका, बद्धा डायनासोर ज छे!" म्हणजे सगळे डायनासोरच. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

टी-रेक्स दोन आहेत, एक हिरवा, एक तपकिरी. दोघांच्या हाताला तीन-तीन बोटं, खऱ्याला दोनच असतात. ही चूक नातवाने पुस्तकात बघून पकडली, मी नव्हे. स्टेगोसॉरस आणि टी-रेक्सची लढाई खोक्यावर छापलीय तीही थापच. दोघांत आठ कोटी वर्षांची दरी. टी-रेक्स काळाने आपल्याला जास्त जवळ.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बडोद्यात विकायला ठेवता आणि राजासॉरस नाही? बालासिनोरजवळच्या रैयोलीत त्याची हाडं निघाली, २००३ साली नाव पडलं राजासॉरस नर्मदेन्सिस. कपाळावर बुटकं शिंग असलेला मांसाहारी, आपल्या शेजारचा. तिथे डायनासोरांची अंडीसुद्धा सापडलीत. पण खोक्यात सगळी अमेरिकेची मंडळी.

तरी घ्या. प्लास्टिक चांगलं आहे, आणि चुका शोधण्यात आमचे दोन रविवार मजेत गेले. पाचपैकी साडेतीन.

काल नातवाने तपकिरी टी-रेक्सच्या डोक्यावर एम-सीलचा गोळा चिकटवला. "आजोबा, हा आता राजा," म्हणाला. टी-रेक्सच्या हाताचं एक बोटही कापायला निघाला होता, ते मात्र त्याच्या आजीने होऊ दिलं नाही. कात्री देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलीय.