झेड/ओएसवर सीपीयूला लगाम: रिसोर्स ग्रुप आठ महिने वापरल्यानंतर

आयबीएम मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर रिसोर्स ग्रुप वापरून कामांच्या सीपीयूला कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, लावता येते. मंथ-एंडला कॅप लावलेला एक बॅच जॉब डेटासेटचा (फाइलचा) एक्स्क्लुझिव्ह एनक्यू (लॉक) धरून रेंगाळला आणि त्याच्यामागे महत्त्वाचे जॉब ताटकळले. म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

मॅक्झिमम गाठलं की डब्ल्यूएलएम (कामांना सीपीयू वाटून देणारा वर्कलोड मॅनेजर) त्या कामाला काही वेळ डिस्पॅचच होऊ देत नाही. त्याच्या हातातला एनक्यू सुटायलाही तेवढाच उशीर. अशा वेळी 'डी जीआरएस,सी' देऊन एनक्यू कोणी धरलाय ते बघा आणि 'ई जॉबनाव,एसआरव्हीक्लास=' देऊन तो जॉब कॅप नसलेल्या सर्व्हिस क्लासमध्ये (कामांच्या गटात) हलवा. क्वाएस (जॉब थांबवून ठेवणं) मुळीच करू नका, एनक्यू तसाच अडकून राहतो.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे कॅप युजरला लागत नाही, सर्व्हिस क्लासला लागते. क्लासिफिकेशनमध्ये (कोणतं काम कोणत्या क्लासमध्ये ते ठरवणाऱ्या नियमांत) यूआय, म्हणजे युजर आयडी, क्वालिफायर टाकून चार युजर एका क्लासमध्ये घातले, तर मर्यादा चौघांत मिळून. त्यातला एकच सगळी खाऊन टाकतो! टाइप ३ च्या रिसोर्स ग्रुपमध्ये १०० म्हणजे एक प्रोसेसर; ४० ठेवलं तर ०.४. टाइप १ चा आकडा सर्व्हिस युनिट प्रति सेकंद असतो आणि तो अख्ख्या सिस्प्लेक्सचा (एकत्र जोडलेल्या सिस्टिमचा), एका सिस्टिमचा नव्हे.

सुरुवातीला जेसीएलमधला (जॉब चालवायच्या सूचनांमधला) सीपीयूची वेळ बांधणारा टाइम पॅरामीटर कुचकामी वाटला होता. ते मत आता बदललंय. चुकून लूपमध्ये गेलेला जॉब एस३२२ ने (वेळ संपल्याच्या एररने) पडतो, एनक्यू सुटतो, वाया जाणारा सीपीयू थांबतो. कॅपमध्ये तोच जॉब हळूहळू, पण रात्रभर सीपीयू खात राहतो. सीपीयू वापराच्या चार तासांच्या रोलिंग ॲव्हरेजवर बिल भरणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. फक्त जेईएस२ च्या (जॉब स्वीकारून चालवायला देणाऱ्या भागाच्या) जॉबक्लासमधला टाइम हा डिफॉल्ट असतो, कमाल मर्यादा नव्हे. युजरने टाइम=१४४० लिहिलं की मर्यादाच उरत नाही, शिवाय एस५२२ ची (जॉब नुसता थांबून राहिला तर पाडणारी) वेट लिमिटही निघून जाते. ही पळवाट आयईएफयूजेव्ही एक्झिटमध्ये (जॉबचं जेसीएल तपासणाऱ्या कोडमध्ये) बंद करा. एवढं एक काम केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

डीबी२ या डेटाबेसच्या डायनॅमिक एसक्यूएलसाठी त्याचाच आरएलएफ (रिसोर्स लिमिट फॅसिलिटी) बरा. ऑथआयडीनुसार (युजरनुसार) एएसयूटाइम, म्हणजे सीपीयूची मर्यादा, देता येतो, ओलांडला की -९०५ एरर. पण हिशोब दर स्टेटमेंटचा, दिवसाचा नाही.

रिसोर्स ग्रुप आता फक्त टेस्टच्या कामांना ठेवलाय. आरएमएफच्या (परफॉर्मन्स मोजणाऱ्या टूलच्या) वर्कलोड ॲक्टिव्हिटी रिपोर्टमध्ये 'कॅप' डिले मात्र रोज बघावा लागतो.